गुरुवारची दुरुस्ती

१

गुरुवारी ताई कामाला हात लावत नसत. बाकीचे सहा दिवस मात्र सकाळी नऊला त्या खिडकीजवळच्या टेबलाशी बसत, भिंगाचा दिवा डोळ्यांसमोर ओढून घेत आणि उन्हं उतरेपर्यंत हलत नसत. मुठीत मावणारे जुने व्हिडिओ गेम, खिशातले रेडिओ, बटणांचे फोन, असं लोकांना टाकवत नाही आणि दुकानदारांना नको असतं ते सगळं कुरिअरनं त्यांच्या घरी येई. ताई ते उघडत, बॅटरी गळून हिरवे पडलेले पत्रे खरवडत, तुटलेल्या तारा जोडत. नुसती दुरुस्तीच नव्हे, कुणाला जुन्या गेमला नवा उजळ डिस्प्ले हवा असे, कुणाला आरपार दिसणारी बॉडी. एका संधिवाताच्या आजोबांना त्यांनी फोनची बटणं नाण्याएवढी मोठी करून दिली होती. आजोबांनी त्याच फोनवरून त्यांना फोन केला आणि पाच मिनिटं नुसते आकडेच दाबत बसले.

रेडिओच्या कारखान्यात एकोणीस वर्षं त्या सोल्डरिंगच्या लाइनवर होत्या. कारखाना बंद पडला, हात बंद पडला नाही. त्या डावऱ्या. बॅटरीच्या तारा बोर्डाला जोडण्याआधी आतल्या आत एक ढिली गाठ मारायची त्यांची सवय होती, म्हणजे बाहेरून ओढ बसली तरी टाका सुटत नाही. डाव्या हातानं मारल्यामुळं ती गाठ उलटी पडे. लाइनवरचे साहेब म्हणायचे, "बाई, तुम्ही सही नाही केली तरी चालेल, गाठ दिसली की कळतं."

गुरुवार आईचा. अकराच्या बसनं शहराच्या दुसऱ्या टोकाला जायचं, वृद्धाश्रमात आईजवळ बसायचं, चार घास भरवायचे, सहापर्यंत घरी. दोन वर्षं हा नेम चुकला नव्हता. आईनं मात्र या दोन वर्षांत एकदाही त्यांना ओळखलं नव्हतं.

त्या गुरुवारी परत येऊन ताईंनी दिवा लावला आणि त्यांची नजर टेबलावर गेली. सकाळी निघताना तिथं एक करडा गेम उघडा पडलेला होता. बॉडीचे दोन तुकडे वेगळे, तारा सुट्या, सहा स्क्रू बाटलीच्या झाकणात. आता गेम बंद होता आणि झाकण रिकामं. त्यांनी बटण दाबलं. स्क्रीन उजळली, गेमनं आपली बारीक धून वाजवली.

त्यांनी उभ्याउभ्याच पेचकस घेऊन तो परत उघडला. टाके गोल, चकचकीत. आत गाठ होती, उलटी.

जाण्याआधी घाईघाईत आपणच केलं असणार, असं त्यांनी स्वतःला सांगितलं. चहा केला, प्याल्या, कप धुवून पालथा घातला. पण टाक्याभोवतीचा फ्लक्स, सोल्डर धरावं म्हणून लावतात ती राळ, बोटाला चिकटला होता, ओला. सकाळचा असता तर केव्हाच कडक झाला असता. बोट त्यांनी साबणानं दोनदा धुतलं आणि त्या दिवशी परत टेबलाकडं गेल्या नाहीत.

२

आता माणूस अशा वेळी भुताखेताकडं वळत नाही. ताई तर मुळीच नाही. एकोणीस वर्षं ज्या बाईनं प्रत्येक बंद रेडिओला काही ना काही कारण असतंच हे पाहिलं, ती कारणच शोधणार. आणि कारण त्यांना लगेच सापडलं. त्यालाच त्या जास्त घाबरल्या.

आईचंही असंच सुरू झालं होतं. आधी केलेलं काम परत करायची, मग केलंच नाही म्हणायची. सुरुवातीला ती याच टेबलाशी बसून ताईंना स्क्रू निवडून द्यायची, लांब एका झाकणात, आखूड दुसऱ्यात. बडबड अखंड. मग एके दिवशी तिनं तापलेलं सोल्डरिंग आयर्न पेन्सिल समजून हातात धरलं. त्यानंतर एकदा गॅस तसाच उघडा ठेवला. तिला आश्रमात ठेवून आल्यावर ताईंच्या घरात माणसाचा आवाज असा उरलाच नाही. तारा तपासायच्या मल्टीमीटरची पिपाणी तेवढी वाजायची. तार जुळली की तो 'पीं' करायचा आणि ताई कधीकधी त्याला "हं" म्हणायच्या.

त्या डॉक्टरकडं गेल्या. डॉक्टरांनी घड्याळाचं चित्र काढायला लावलं, शंभरातून सात-सात वजा करायला लावले, पाच शब्द सांगून ते दहा मिनिटांनी विचारले. शेवटी म्हणाले, की तुमचं डोकं माझ्यापेक्षा बरं चालतंय, एकटेपणा मात्र फार झालाय. चार माणसांत जात जा. ताई बरं म्हणाल्या. चार माणसं कुठून आणायची हे काही त्यांनी विचारलं नाही.

पुढच्या गुरुवारी निघताना त्यांनी टेबलाचा फोटो काढला. मधोमध एका ग्राहकाचा गेम होता. त्याला नवी बॉडी आणि नवी बटणं बसवायची होती. रंगाचं तुम्हीच बघा, असं त्या माणसानं लिहिलं होतं आणि ताईंनी काळी बटणं काढून ठेवली होती. काळ्याला कुणी नावं ठेवत नाही.

संध्याकाळी गेम तयार होता. पांढरी बॉडी, आणि बटणं लिंबाच्या सालीसारखी पिवळीधमक. ती बटणं ताईंच्याच डब्यातली होती, तळाशी पडलेली. कधीतरी हौसेनं आणली होती आणि कधी वापरायचा धीर झाला नव्हता. काळी बटणं तशीच बाजूला होती, ओळीत मांडलेली.

ताईंनी फोनमधला फोटो पाहिला, टेबल पाहिलं. परत फोटो पाहिला. मग खोलीतली सगळी दारं उघडून बघितली, कपाटसुद्धा. कपाटात कपडे होते.

सोल्डरिंग आयर्नला हात लावायला मात्र त्या धजल्या नाहीत. लांबूनच तळहात धरला. ऊब लागली.

दोन दिवसांनी ग्राहकाचा फोन आला. गेम मिळाला, पिवळा रंग बघून मुलगी नाचली, असं तो सांगत होता. शेवटी हसत म्हणाला, "तुम्ही गुरुवारी फोनवर म्हणालात ना, की काळं काय, ते शेवटी आहेच, तेच घरात सगळ्यांना सांगतोय मी."

गुरुवारी दुपारी ताईंचा फोन ताईंच्या पिशवीत होता, आणि पिशवी आईच्या पलंगाखाली. घरातला जुना, तारेचा फोन टेबलाच्या कडेला असतो. त्यावर कुणी फोन करत नाही. पण त्याचा नंबर पार्सलच्या कागदावर छापलेला होता, हे त्यांना तेव्हा आठवलं.

३

समोरच्या बिऱ्हाडात एक काकू राहत. शाळेत कारकून होत्या, आता निवृत्त. दहा वर्षं दारासमोर दार, पण बोलणं म्हणजे मान हलवण्यापुरतं. ताईंना वाटे काकू शिष्ट आहेत. काकूंना ताईंबद्दल काय वाटे ते त्यांनाच ठाऊक.

त्या महिन्यातल्या एका शुक्रवारी सकाळी काकूंनी बेल वाजवली. हातात धुतलेला कप होता.

"हा तुमचा कप. काल बोलता बोलता हातात तसाच घेऊन गेले मी."

कप ताईंचाच होता, निळ्या काठाचा. दोनातला एक. दुसरा कप काल फळीवर नव्हता, हे त्यांच्या लक्षातच आलं नव्हतं, कारण दुसरा कप त्यांना कधी लागत नसे.

"काल?" ताईंनी विचारलं.

"मग? चार वाजता आले, ते साडेपाचला उठले. तुमच्या कामाचा खोळंबा केला असेल." मग काकू हळू आवाजात म्हणाल्या, "आईला तिथं सोडून आलात त्या दिवसाचं सांगितलंत ना, गाडीच्या मागच्या काचेतून ती तुम्हाला टाटा करताना दिसत होती ते... मला रात्रभर झोप नाही. इतकं मनात ठेवून कसं राहिलात हो?"

गाडीच्या काचेचं त्यांनी जन्मात कुणाला सांगितलं नव्हतं. डॉक्टरांना नाही, आश्रमातल्या सिस्टरना नाही. स्वतःशीसुद्धा त्या ते कधी पुरतं बोलल्या नव्हत्या.

"मी कशी दिसत होते?" त्यांच्या तोंडून निघून गेलं.

काकू हसल्या. "अशा काय विचारता? बऱ्या दिसत होतात. आजच्यापेक्षा बऱ्या. आज जरा ओढलेल्या वाटता." आणि जाता जाता म्हणाल्या, "गुरुवारी येते परत. बोलावलंयत ना."

ताईंनी दार लावलं आणि कप फळीवर पहिल्याशेजारी ठेवला. भीती होतीच. पण खरं सांगायचं तर तिच्याखाली आणखी काहीतरी होतं, आणि ते त्यांना भीतीपेक्षा लाजिरवाणं वाटलं. कुणीतरी आपल्या घरात शिरून आपली वस्तू न्यावी, याचा राग येतो. इथं कुणी काही नेलं नव्हतं. उलट टेबल आवरलेलं होतं, कामं वेळेवर जात होती, ग्राहक खूश होते, दहा वर्षांची मुकी शेजारीण कप परत करायला येत होती. ताईंना जे जमलं नव्हतं ते सगळं कुणीतरी गुरुवारच्या सात तासांत करून टाकलं होतं.

त्यांनी कुलूपवाल्याला बोलावलं. जुनं कुलूप कुणी छेडलेलं नाही, साधा ओरखडासुद्धा नाही, असं त्यानं सांगितलं. तरी ताईंनी नवं बसवून घेतलं, दोन किल्ल्यांचं. त्यातली एक किल्ली त्याच दुपारी नदीच्या पुलावरून खाली टाकून दिली. दुसरी गळ्यात घातली.

४

पुढच्या गुरुवारी त्या गेल्याच नाहीत.

आश्रमात फोन करून कळवावं, असं त्यांच्या मनात आलं होतं. पण आपण घरी आहोत हे कुणालाच, अगदी कुणालाच कळू नये, असं वाटून त्यांनी फोन उचलला नाही. अकराची बस खालून गेली, तिचा हॉर्न ऐकला. मग स्वयंपाकघरात स्टूल घेतलं, दार बोटभर उघडं ठेवलं आणि टेबलाकडं बघत बसल्या.

टेबलावर एक रेकॉर्डर उघडा ठेवला होता, मुद्दाम. तारा सुट्या, स्क्रू झाकणात. आयर्न थंड. बारा वाजले. वरच्या मजल्यावर कुणीतरी खुर्ची ओढली. नळातून थेंब पडत होता, त्याखाली त्यांनी फडकं ठेवलं. उन्हाचा पट्टा टेबलाच्या पायापासून सरकत स्क्रूंच्या झाकणापर्यंत आला, स्क्रू चमकले, मग पट्टा पुढं गेला. एक वाजला, दोन वाजले. ताईंना भूक नव्हती. आपल्याच घरात आपण चोरासारख्या दबा धरून बसलोय, हे त्यांच्या लक्षात आलं आणि त्यांना हसूही आलं. डॉक्टर म्हणाले होते ते खरं असेल. चार माणसांत जायला हवं.

चारला काकूंचं दार वाजलं. पावलं त्यांच्या दारापर्यंत आली, थांबली. पण बेल वाजली नाही. काकू क्षणभर उभ्या राहिल्या असतील, आणि मग, का कोण जाणे, परत गेल्या. जणू आत ज्यांच्याकडं यायचं त्या नाहीत, हे त्यांना दाराबाहेरूनच समजलं.

पाच वाजले. रेकॉर्डर होता तसाच होता. ताईंनी मोठा श्वास घेतला. पाय अवघडले होते. उठून त्यांनी दोन्ही कप फळीवर आहेत ना ते पाहिलं. होते. म्हणजे काही नव्हतंच. आपणच करत होतो आणि आपणच विसरत होतो. वाईट आहे, पण निदान नाव असलेलं दुखणं आहे.

तेवढ्यात मोबाइल वाजला. आश्रमातल्या सिस्टर होत्या. आवाजात आनंद मावत नव्हता.

"ताई, बसमध्ये आहात का? तुम्ही निघालात आणि आजी एकसारखं विचारतायत, पोचली का, पोचली का. म्हटलं बोलणं करून देते. आज काय झालं हो! दोन वर्षांत पहिल्यांदा त्यांनी तुम्हाला नावानं हाक मारली, मी स्वतः ऐकलं. सगळं ताट संपवलं. आणि तुम्ही दोघी किती हसत होतात!"

फोनमध्ये खरखर झाली, कुणीतरी तो हातातून हातात दिला. मग आईचा आवाज आला. दोन वर्षांपूर्वीचा, टेबलाशी बसून स्क्रू निवडणारा.

"ठमे, पोचलीस का गं घरी?"

ठमी हे नाव जगात एकच माणूस घेत असे. नाही म्हणावं, मी आलेच नव्हते म्हणावं, ती कोण होती ते विचारावं, सगळं ओठापर्यंत आलं. पण पलीकडं आई वाट बघत होती, आणि ती हाक परत कधी ऐकू येईल याचा काय भरवसा.

"हो आई," ताई म्हणाल्या. "पोचले."

"बरं. उद्या ये हं."

५

उद्या म्हणजे शुक्रवार. ताई शुक्रवारी कधी गेल्या नव्हत्या. पण आईनं बोलावलं होतं. कुणाला बोलावलं होतं, याचा विचार त्यांनी बसमध्ये केला नाही. त्यांनी चांगली साडी नेसली होती, केस नीट विंचरले होते, आणि खिडकीच्या काचेत चेहरा बघून एकदोनदा हसायचा प्रयत्नसुद्धा केला.

आई खुर्चीत खिडकीपाशी बसली होती. चेहरा ताजा, डोळे स्वच्छ. ताईंना पाहून ती सावरून बसली, जशी परक्या माणसासमोर बसतात.

"आई, मी आले."

"या," आई म्हणाली. "बसा ना. कुणाला भेटायचंय?"

"मी ठमी, आई."

आईनं त्यांच्याकडं नीट निरखून पाहिलं. अगदी सभ्यपणे, दुखवू नये अशा बेतानं. मग मान हलवली. "ठमी आत्ताच गेली. तासभर झाला असेल. घरी काम पडलंय म्हणाली, लोकांच्या वस्तू अडकल्यात." आणि तिनं विचारलं, "तुम्ही तिच्या ओळखीच्या का? तोंडावळा आहे हं थोडा."

ताई अर्धा तास बसल्या. आई त्यांच्याशी हवेपाण्याचं बोलली. निघताना सिस्टरनी आईचा खिशातला रेडिओ त्यांच्या हातात दिला; सकाळपासून खरखरतोय, मघाशी तुम्हाला द्यायचा राहिला, म्हणाल्या. ताईंनी तो पिशवीत टाकला. सिस्टरना त्यांच्या साडीचं नवल वाटलेलं दिसलं. "इतक्यात बदलून आलात?" असं त्या म्हणाल्यासुद्धा, पण कुणीतरी हाक मारली म्हणून त्या आत गेल्या.

बस स्टॉपवर ताई उतरल्या तेव्हा सहाला दहा कमी होते. रस्त्यावरचे दिवे लागायचे होते. लोक कामावरून परतत होते, भाजीच्या पिशव्या, शाळेची दप्तरं. ताईंनी वर पाहिलं. तिसऱ्या मजल्यावरच्या खिडकीत भिंगाचा दिवा लागलेला होता. त्याच्या पांढऱ्या गोलात एक डोकं खाली वाकलेलं, आणि डावा हात, चिमटा धरलेला, सावकाश वर-खाली होत होता. मागं दुसरं कुणीतरी खुर्चीत होतं. हातवारे करून काही सांगत होतं. वाकलेलं डोकं न उचलता हललं, जसं कामात असलेलं माणूस हसताना हलतं.

शुक्रवार होता. गुरुवार नव्हता.

ताई जिना चढल्या. पहिल्या मजल्यावर दम लागला नाही, दुसऱ्यावर लागला. तिसऱ्यावर काकूंच्या दाराला बाहेरून कडी होती. समोर त्यांचं स्वतःचं दार, नवं कुलूप, गळ्यात किल्ली. दाराखालून उजेडाची पट्टी येत होती आणि तापलेल्या फ्लक्सचा, त्यांच्या आयुष्यभराच्या ओळखीचा वास. आत काकू काहीतरी बोलल्या. मल्टीमीटर 'पीं' करून वाजला आणि कुणीतरी त्याला लगेच उत्तर दिलं, "हं!", आणि दोघी हसल्या.

ताईंनी किल्ली हातात घेतली. ती अंगाच्या उबेनं गरम झाली होती. कुलपाला लावली असती तर लागली असती, त्यांना खात्री होती. आणि मग दार उघडलं असतं, आणि टेबलाशी बसलेलं माणूस वळलं असतं, आणि काकूंनी दोघींकडं बघितलं असतं. काकू कुणाला ओळखतील, हे ताईंना माहीत होतं. ज्या बाईनं आईला हसवलं, तिला त्या काय म्हणून हाकलणार होत्या? आणि हाकललं तर पुढच्या गुरुवारी आईसमोर जाऊन बसणार कोण?

त्यांनी किल्ली सोडून दिली. ती परत गळ्यात लोंबू लागली. मग त्यांनी स्वतःच्या दाराची बेल वाजवली.

आतलं बोलणं थांबलं. खुर्ची सरकली.

"कोण आहे?" त्यांचाच आवाज होता. पण भरलेला, सैल, माणसांत असलेल्या माणसाचा.

ताईंनी तोंड उघडलं. नाव सांगायचं होतं. पिशवीत हात गेला आणि बोटांना रेडिओ लागला.

"दुरुस्तीचं होतं," त्या म्हणाल्या. "रेडिओ आहे. आईचा."

"या ना आत," आतून आवाज आला, अगदी प्रेमानं. "दार उघडंच आहे."